जॅक उचलतो, टेकू सांभाळतो

आपल्या या कार्यक्रमात आपण बचत गटाचं कर्ज, शेळ्यांची लस, शाळेचे दाखले अशा विषयांवर बोलत असतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर बाप्यांचं काम, आमच्यापुढं कशाला? विषय आहे, घरच्या घरी गाडी वर उचलून तिच्याखाली काम करायचं तर ते कसं करायचं.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. आपल्या वाड्यावस्त्यांवर आता बऱ्याच दारात चारचाकी दिसते. कुणाची जुनी अल्टो, कुणाची ओम्नी, कुणाचा दूध पोचवणारा छोटा हत्ती, कुणाची बोलेरो पिकअप. काही गटांनी तर मालाच्या वाहतुकीसाठी स्वतःची गाडी घेतली आहे. गॅरेज तालुक्याच्या गावाला. तिथं जायचं तर अख्खा दिवस जातो आणि मजुरी वेगळी. म्हणून ऑइल बदलणं, सायलेन्सरची पट्टी बांधणं, पाट्यांना ग्रीस लावणं, उंदरानं कुरतडलेली वायर जोडणं ही कामं अंगणातच होतात. गाडीखाली शिरतो तो घरातला कर्ता पुरुष नाहीतर हाताशी आलेला मुलगा. आणि शेजारी कोण असतं? आपण. "जरा जॅकचा दांडा धर", "बॅटरी दाखव", "आत बसून ब्रेक दाब" हे आपल्यालाच सांगितलं जातं. मग जी शेजारी उभी आहे, तिला "थांबा, अजून खाली जाऊ नका" असं कधी म्हणायचं हे कळायला नको का?

आजच्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातपायसुद्धा घालायचा नाही.

वजन किती, जागा किती

जुनी अल्टो ही गाड्यांमधली हलकी गाडी. तीही रिकामी असताना ७०० किलोच्या पुढं भरते. म्हणजे क्विंटलची सात पोती. बोलेरो दीड टनाच्या पुढं जाते, म्हणजे पंधरा-सोळा पोती. एक पोतं पाठीवर घेताना हमालाची काय अवस्था होते, ते आपण बाजार समितीत बघतोच.

आता जागा बघा. बहुतेक लहान गाड्यांचं पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटर वर असतं. आपली एक वीतही पुरती भरत नाही. उताणा पडलेल्या मोठ्या माणसाची छाती त्यापेक्षा जाड असते. म्हणजे चारही चाकं जागेवर असली तरी गाडी खाली बसली की माणूस चेपणारच. चाक काढलेलं असेल तर ती त्याहून खाली येते. हाड मोडलं नाही तरी छातीवर वजन आलं की श्वास घेता येत नाही, आणि श्वासावाचून माणूस काही मिनिटंच काढू शकतो. "पडली तर पटकन बाहेर येईन" असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा हिशेब सांगा. गाडी घसरायला एक क्षण पुरतो.

दगडविटांचा भरवसा धरू नका

आपल्याकडं हाताला लागेल ते गाडीखाली सारायची सवय आहे. विटा, दगड, सिमेंटचे पोकळ ब्लॉक. लोक म्हणतात, विटेवर अख्खं घर उभं राहतं, मग गाडी का नाही? घराच्या भिंतीत वीट मालात बसवलेली असते आणि वजन तिच्या सगळ्या अंगावर सारखं पसरतं. गाडीचं वजन मात्र लोखंडाच्या एका कडेवर येतं आणि ती कड विटेच्या एका जागी रुतते. वीट आणि ब्लॉक वाकत नाहीत, चेपत नाहीत. ते एकदम फुटतात, आणि फुटण्याआधी सांगत नाहीत. एकावर एक रचलेले दगड हलतात. चुलीचे तीन दगड नीट बसले नाहीत तर भाताचं पातेलं कलंडतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

लाकडाचं तसं नाही. जाड, सुकं, न किडलेलं लाकूड जास्त वजन आलं की आधी करकरतं, दबतं, आवाज करतं. म्हणून टेकू लाकडाचाच द्यायचा असेल तर बाभळीसारख्या कठीण लाकडाचे सारख्या मापाचे, चौकोनी कापलेले ठोकळे घ्यायचे. दोन उभे, त्यावर दोन आडवे, परत दोन उभे, असे रचायचे. रचलेली उंची पायाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. गोल ओंडका चालत नाही, तो गडगडतो.

जॅकचे प्रकार

लहान गाडीबरोबर येतो तो कात्रीसारखा उघडणारा सिझर जॅक. त्याचा पाया वहीएवढा. तो वाटेत पंक्चर झालं तर स्टेपनी बदलण्यापुरता दिलेला असतो. गाडीला बाजूनं धक्का लागला की तो कलतो.

पिकअप आणि टेम्पोवाल्यांकडं असतो बाटलीच्या आकाराचा, तेलावर चालणारा बॉटल जॅक. ताकद भरपूर, पण आतलं तेल रबरी वॉशरांनी अडवलेलं असतं. वॉशर झिजला की गाडी हळूहळू खाली येते, कधी एकदम येते. जॅकच्या बुडाशी तेलाचा ओघळ दिसला तर तो जॅक दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवायचा. हा जॅक उभाच वापरायचा असतो, तिरका नाही.

गॅरेजमध्ये असतो चाकांचा ट्रॉली जॅक. गाडी वर जाताना हा स्वतः थोडा पुढं सरकतो, आणि त्याला तसं सरकायला मिळालंच पाहिजे. म्हणून तो कोब्यावर चांगला चालतो. मातीत त्याची चाकं रुततात आणि गाडी ओढली जाते.

तिन्हींचं काम एकच, उचलणं. गाडी उचलून झाली की वजन दुसऱ्या कशावर तरी द्यायचं. ते दुसरं म्हणजे जॅक स्टँड. तीन किंवा चार पायांची लोखंडी तिवई, मध्ये वरखाली होणारी दांडी आणि दांडीला अडकवायचा खटका किंवा पिन. हिच्यात तेल नाही, वॉशर नाही, फिरणारा आटा नाही. लोखंडावर लोखंड टेकलेलं. बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना जाणती माणसं गाडीला आधी टेकू देत आणि मगच चाक काढत. ही तीच जुनी अक्कल आहे.

पायरीपायरीनं

आता काम कसं करायचं ते सांगतो. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी लिहून भिंतीला लावलं तरी चालेल.

पहिली पायरी, जागा. सपाट आणि टणक हवी. कोबा सगळ्यात चांगला. शेणानं सारवलेलं अंगण वरून घट्ट दिसतं, पण जॅकच्या लहान पायाखाली ते दबतं. काळ्या मातीत तर पावसाळ्यात जॅक बघता बघता रुततो. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्ताही मऊ होतो. कोबा नसेल तर जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली जाड, रुंद फळी घाला. उतारावर हे काम करायचंच नाही.

दुसरी, चाकं. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि किल्ली काढून घ्या. पण एवढ्यानं भागत नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की ती चाकं हवेत आणि ब्रेक निरुपयोगी. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोका. पुढचं उचलायचं तर मागच्या चाकांना, मागचं उचलायचं तर पुढच्या चाकांना.

तिसरी, नट. चाक काढायचं असेल तर गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून घ्या. उचललेल्या गाडीवर पाना लावून जोर केला की ती टेकूवरून ढकलली जाते.

चौथी, जॅकची जागा. गाडीच्या पोटाला कुठंही जॅक लावून चालत नाही. पत्रा वाकतो, ऑइलची टाकी फुटते. लहान गाडीला दाराखालच्या पट्टीवर, चाकाच्या जवळ, जॅकसाठी खाच किंवा खूण केलेली असते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तिचं चित्र असतं. पिकअपला पाटे जिथं बसवलेले असतात त्याच्या जवळ ॲक्सलखाली किंवा चासीच्या जाड लोखंडाखाली आधार देतात. स्टँडही अशाच भक्कम जागी लावायचे.

पाचवी, उचलणं. एका वेळी एकच टोक, आणि कामाला लागेल तेवढंच वर. गाडीत कुणी बसलेलं नको, मागं पोती नकोत. उचलताना कुणाचंही अंग गाडीखाली नको.

सहावी, टेकू. दोन्ही बाजूंना एकेक स्टँड, दोन्हींची उंची सारखी. खटका पूर्ण बसला का, पिन आरपार गेली का, हे डोळ्यांनी बघायचं. मग जॅक हळू सैल करून गाडी स्टँडवर टेकवायची. स्टँडचे सगळे पाय जमिनीला लागलेत का, ते वाकून बघायचं. काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सारून ठेवायची. यदाकदाचित स्टँड सुटलाच तर गाडी चाकावर अडते आणि खालच्या माणसाला थोडी जागा मिळते.

सातवी, हलवून बघणं. कुणीही खाली जाण्याआधी बाहेर उभं राहून गाडीला बाजूनं दोन्ही हातांनी चांगला धक्का द्या. डुलली, किरकिरली, स्टँड सरकला, तर गाडी खाली घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. पडायचीच असेल तर ती खाली कुणी नसताना पडू दे.

जॅक न लावता

ऑइल बदलण्यासारख्या कामाला गाडी चार-सहा इंच वर असली तरी भागतं. त्यासाठी चढ सोपा. दोन-दोन इंच जाडीच्या, टायरपेक्षा रुंद फळ्या पायऱ्यांसारख्या एकावर एक स्क्रूनं घट्ट बसवायच्या आणि पुढच्या टोकाला आडवी पट्टी मारायची, म्हणजे चाक पुढं उतरणार नाही. असे दोन चढ करून गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू चढवायची. वाट दाखवणारीनं बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढ्यात कधीच नाही. चढल्यावर मागच्या चाकांना पाचरी हव्यातच.

काही जण दारात खड्डाच खणून घेतात. बांधून काढलेला, पायऱ्यांचा खड्डा उपयोगी असतो. नुसता मातीत खणलेला पावसात ढासळतो. पाण्याच्या चारीवर दोन्हीकडं चाकं ठेवून खाली शिरणारेही आहेत. तिथं काठ खचला की गाडी आत येते. खड्ड्यात आणखी एक धोका आहे, तो दिसत नाही. पेट्रोलची वाफ आणि गाडीचा एलपीजी गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात साचून राहतो आणि एका ठिणगीनं पेट घेतो. इंजिन चालू ठेवलं तर त्याचा धूर आत उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून वर इंजिन बंद, आत विडी-काडी नाही आणि काम संपलं की खड्ड्यावर फळ्या. लेकरं आणि वासरं अंगणात फिरत असतात.

रिक्षा माणसं कुशीवर कलती करतात. तसं करायचं तर आधी बॅटरी काढून ठेवा, नाहीतर तिच्यातलं ॲसिड सांडतं. पेट्रोल गळणार नाही हे बघा, आणि कलत्या बाजूला कुणी उभं राहू नका.

ट्रॅक्टरची डंपिंग ट्रॉलीही यातच येते. ट्रॉलीचा हौदा वर करून खाली ग्रीस लावायला वाकतात, तेव्हा तो हौदा फक्त तेलाच्या दाबावर उभा असतो. पाइप फुटला किंवा कुणी चुकून लिव्हर ओढला की तो खाली येतो. हौदा रिकामा करून त्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. जेसीबीच्या बकेटनं किंवा दोरानं उचलून धरलेल्या गाडीलाही हाच नियम.

शेजारी उभी असणारीचं काम

गाडीखाली माणूस असताना बाहेर एक मोठं माणूस पाहिजेच. त्यानं तिथून हलायचं नाही, दूध उतू गेलं तरी. पोरांना लांब ठेवायचं. गाडीत कुणाला चढू द्यायचं नाही, दार आपटायचं नाही, टेकून उभं राहायचं नाही. मदत करताना पदर खोचून घ्यायचा. बॅटरीजवळ हात घालायचा असेल तर बांगड्या काढून ठेवायच्या, कारण धातू दोन टोकांना टेकला की ठिणगी उडते.

आणि वाईट झालंच तर? अडकलेल्या माणसाला हात धरून ओढायचं नाही. एकीनं लगेच १०८ ला फोन करून गावाचं नाव आणि खूण सांगायची. बाकीच्यांनी दुसरा जॅक भक्कम जागी लावून गाडी उचलायची आणि जसजशी ती वर येईल तसतसं खाली लाकूड सारत जायचं, म्हणजे ती परत बसणार नाही. जॅक नसेल तर माणसं गोळा करून एका दमात उचलायची, पण लाकूड सारणारं माणूस आधी ठरवायचं. सुटल्यावर तो "मला काही झालं नाही" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. आतला मार बाहेरून दिसत नाही.

तुमचे दोन प्रश्न

हा विषय गटांच्या बैठकीत काढला तेव्हा दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. एक, "आमचे मालक वीस वर्षं जॅकवरच काम करतात, काही झालं नाही. त्यांना कसं सांगायचं?" भांडून सांगू नका. काम सुरू व्हायच्या आधी स्टँड आणि पाचरी गाडीपाशी नेऊन ठेवा आणि म्हणा, "हे लावल्याशिवाय मी दांडा धरणार नाही." विहिरीच्या कठड्यावर बसून वीस वर्षं कुणी पडलं नाही, म्हणून लेकराला आपण तिथं बसू देत नाही.

दुसरा, "गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून स्टँड बनवून घेऊ का? स्वस्त पडेल." वेल्डिंग आतून किती धरलंय हे वरून कळत नाही. किती वजन पेलेल हे त्यावर लिहिलेलंही नसतं. दुकानातलाच घ्या, आणि त्यावर लिहिलेलं वजन एका स्टँडचं आहे की जोडीचं, ते विचारून घ्या. स्टँडची जोडी एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत येते.

ती प्रत्येक घरानं घ्यायलाच पाहिजे असं नाही. गाडीखाली काम रोज निघत नाही. गटानं ठराव करून एक जोडी स्टँड, चार पाचरी आणि दोन जाड फळ्या घेतल्या तर सगळ्या वस्तीला पुरतात. सतरंज्या आणि मोठी पातेली आपण अशीच वापरतो. वहीत नोंद ठेवायची, कुणी नेलं, कधी आणलं. परत येताना पाय वाकलाय का, जोडाला तडा आहे का, हे बघून घ्यायचं. तडा दिसला तर तो स्टँड भंगारात, दुरुस्ती नाही.

जाता जाता एक. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला बँकेत वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. घरातल्या सगळ्यांचा चालू आहे ना, ते पासबुकात बघून घ्या. पण विम्याचा पैसा घरात येतो तेव्हा माणूस आलेला नसतो, म्हणून आधी टेकू.

या आठवड्यात एवढंच करा. आपल्या वस्तीवर किती गाड्या आहेत आणि किती जणांकडं स्टँड आहेत, ते मोजा. येत्या बैठकीत तो आकडा मांडा आणि खरेदीचा ठराव घ्या. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.